खडा कुठे आहे आणि कसला आहे, ते आधी बघू

पत्राचा सारांश: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काम करणारे 41 वर्षांचे एक वाचक लिहितात, की तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मध्यरात्री उजव्या कुशीत जीवघेणी कळ आली, उलट्या झाल्या, लघवी लालसर झाली. इंजेक्शनने दुखणं थांबलं. सोनोग्राफीत उजव्या किडनीत 4 मिमीचा खडा निघाला. तेव्हापासून कंबर दुखली की 'खडा उठला' असंच घरात म्हणतात. गेल्या वर्षी एक्स-रे काढला, त्यात काहीच नव्हतं. यंदाच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला 6 मिमीचा खडा आला. एका ठिकाणी ऑपरेशन करून टाका म्हणून सांगितलं आहे. आईचा भर गावाकडच्या एकाच्या 'खडा विरघळवणाऱ्या' पुडीवर आहे. दूध, दही आणि टोमॅटो घरात बंद आहेत. त्यांचा प्रश्न: "कुठला रिपोर्ट खोटा? ऑपरेशन करू की पुडी घेऊ?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट आधीच मान्य करून टाकलेली आहे. ती म्हणजे, आज तुमची जी कंबर दुखते ती खड्यामुळेच. मला नेमकं तेच पटत नाहीये.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीबद्दल मला फारशी शंका नाही. कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरणारी, लाटेसारखी येणारी कळ, मळमळ, लघवीत रक्त, आणि तुमच्याच शब्दांत 'बसवेना, झोपवेना, नुसता घरभर फिरत होतो'. मुतखड्याची कळ अशीच असते. किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी अरुंद असते. खडा तिच्यात उतरून अडकला, की लघवी मागे तुंबते आणि किडनीवर ताण येतो. कळ येते ती त्या ताणाची. माणूस कुठल्याही कुशीवर वळला तरी त्याला आराम पडत नाही.

आता आजचं दुखणं तुम्ही कसं लिहिलंय बघा. कामाची पाळी संपताना दोन्ही बाजूंनी कंबर धरते, वाकून सुताचा बीम उचलला की जास्त, घरी येऊन सतरंजीवर पाठ टेकली की बरं. पडून राहिल्यावर थांबणारं आणि वाकल्यावर वाढणारं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं. किडनीत शांत पडून राहिलेला, लघवीची वाट न अडवणारा छोटा खडा सहसा दुखत नाही. कितीतरी लोकांच्या पोटात तो असतो आणि दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. म्हणजे खडा असणं ही एक गोष्ट आणि दुखणं ही दुसरी, असं तुमच्या बाबतीत असू शकतं. ऑपरेशन करून खडा निघाला आणि कंबर तशीच राहिली, तर चिडाल कुणावर?

या कंबरदुखीसाठी तुम्ही मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या वेदनाशामक गोळ्या आणून 'लागेल तशी' घेता, असं एका ओळीत लिहून गेला आहात. ती ओळ मला खड्यापेक्षा जास्त खुपली. शेडमध्ये घाम गाळून शरीर कोरडं पडलेलं असताना अशा गोळ्या वरचेवर घेतल्या, तर त्या किडनीलाच इजा करतात. ज्या किडनीच्या काळजीने तुम्ही पत्र लिहिलंत, तिच्यावरच हा मारा चालू आहे. तो आजपासून बंद करा. कंबरेसाठी हाडांच्या डॉक्टरांना वेगळं दाखवा.

रिपोर्टांकडे येऊ. तिन्हींपैकी एकही खोटा असायची गरज नाही. पहिल्या सोनोग्राफीतला खडा नंतर लघवीतून निघून गेला असेल. 4 मिमीचे खडे पुष्कळदा आपोआप पडतात. डावीकडचा नंतर झाला असेल. सोनोग्राफी ही मशीन धरणाऱ्याच्या हातावर आणि त्या दिवशी आतड्यात किती वारा आहे यावरही अवलंबून असते. किडनीतला बऱ्यापैकी मोठा खडा आणि किडनीला आलेली सूज तिला चांगली दिसते, पण नळीच्या मधल्या भागातला खडा अनेकदा निसटतो. दोन-तीन मिलिमीटरचा चमकणारा ठिपका कधी खडा असतो, कधी नुसताच ठिपका. आणि ती दाखवते ते माप खऱ्यापेक्षा थोडं मोठं असू शकतं. 6 मिमी या आकड्यावर लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका, असं मी म्हणतोय ते यासाठी.

एक्स-रेची गोष्ट आणखी वेगळी आहे. कॅल्शियमचे खडे एक्स-रेत दिसतात आणि दहापैकी आठ-एक खडे कॅल्शियमचेच असतात. पण युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. आता तुमच्या पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहिलेल्या दोन गोष्टी: गेल्या दिवाळीत उजव्या पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजला होता, चादरीचा स्पर्शही सहन होत नव्हता, आणि साखर 'बॉर्डरवर' आहे. तुम्ही दोन्हींचा खड्याशी संबंध लावला नाहीत. मला लावावासा वाटतो. अंगठ्याची ती सूज गाउटची, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याच्या आजाराची, असू शकते. गाउट, वाढती साखर आणि आम्लधर्मी लघवी ज्यांना असते, त्यांच्यात युरिक ॲसिडचे खडे जास्त आढळतात. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पत्रावरून निदान करता येत नाही. पण हा अंदाज खरा निघाला, तर ऑपरेशन की पुडी हा तुमचा प्रश्नच बदलतो. कारण मुतखड्यांत औषधाने खरोखर विरघळणारा नेहमीचा प्रकार हाच. पोटॅशियम सायट्रेटसारखं औषध देऊन लघवीचा आम्लपणा कमी करतात, पीएच (आम्लपणाचं माप) साधारण 6.5 च्या आसपास ठेवतात आणि खडा हळूहळू झिजत जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. रक्तातलं पोटॅशियम बघावं लागतं आणि लघवी गरजेपेक्षा जास्त अल्कधर्मी झाली तर दुसऱ्या प्रकारचे खडे व्हायला लागतात. कॅल्शियमचा खडा मात्र कुठल्याही पुडीने विरघळत नाही. गावाकडच्या त्या माणसाने आजवर कुणाचा खडा कसला आहे, हे विचारून पुडी दिली असेल का? ज्यांना गुण आला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा खडा बारीक असणार आणि तो पुडीशिवायही पडलाच असता.

म्हणून आधी मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरॉलॉजिस्ट गाठा. ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर युरॉलॉजिस्ट होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सोलापुरात खासगी युरॉलॉजिस्ट आहेत. परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये जा. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं हे रुग्णालय आहे, केसपेपर काढायला सकाळी लवकर पोचा. त्यांना विचारा, की एकदा साधा सीटी स्कॅन करून घ्यावा का. त्याला 'सीटी केयूबी' म्हणतात, शिरेतून डाय, म्हणजे चित्र स्पष्ट दिसण्यासाठीचं औषध, द्यावा लागत नाही. खडा आहे का, कुठे आहे, केवढा आहे हे त्यात शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त वेळा नक्की कळतं, युरिक ॲसिडचा खडाही दिसतो. शिवाय खड्याची घनता मोजता येते. ती 500 एचयूच्या (सीटीतलं घनतेचं एकक) खाली असेल तर युरिक ॲसिडचा संशय बळावतो. सीटीत किरणं लागतात, म्हणून कमी मात्रेचा करता येईल का हेही विचारा, आणि दर सहा महिन्यांनी हौस म्हणून तो करू नका. नंतरच्या पाठपुराव्याला सोनोग्राफी पुरते. वाचणाऱ्या भगिनींपैकी कुणी गरोदर असेल तर त्यांनी सीटी टाळून सोनोग्राफीनेच सुरुवात करायची.

रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं), युरिक ॲसिड, कॅल्शियम आणि तुमच्यासाठी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. लघवीची साधी तपासणी, तिचा पीएच आणि जंतुसंसर्गाचा संशय असेल तर कल्चर. यातलं कॅल्शियम मुद्दाम सांगतोय. ते वाढलेलं निघालं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत बिघाड असू शकतो, आणि तो सापडला नाही तर माणूस वर्षानुवर्षं खडे काढत बसतो. वारंवार खडे होणाऱ्यांना चोवीस तासांची सगळी लघवी गोळा करून तपासायला सांगतात. कॅन घरात ठेवावा लागतो, घरातल्यांना किळस येते, पण खडा का होतो हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. एक किडनी तुंबलेली असली तरी दुसरी सगळा भार उचलते आणि रक्ताचा रिपोर्ट छान दिसतो.

यातूनच दुसरी एक समजूत तपासायला हवी. 'इंजेक्शन घेतलं, दुखायचं थांबलं, म्हणजे खडा गेला.' तुम्हीही तीन वर्षांपूर्वी हेच धरून चाललात. खडा पडताना कुणी पाहिला का? नाही. नळीत अडकलेल्या खड्याचं दुखणं काही दिवसांनी आपोआप मंदावू शकतं, तुंबलेली किडनी मात्र आतल्या आत खराब होत राहते. म्हणून कळ येऊन गेली की चार-सहा आठवड्यांत पुन्हा तपासून खडा खरंच गेला आणि सूज उतरली, याची खात्री करायची असते. हे बहुतेक कुणी करत नाही. दुखत नाही तर कशाला पैसे घालवा, असा आपला हिशेब असतो.

पुढच्या वेळी कळ आलीच, तर लघवी चहाच्या बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या कापडातून गाळा. टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाला कापड कुठलं ते मी सांगायला नको. कण मिळाला की धुऊन, वाळवून छोट्या डबीत ठेवा आणि तपासायला द्या. वाळूच्या कणाएवढा असतो तो, पण तो कशाचा बनलाय हे एकदा कळलं, की पुढची पथ्यं नेमकी ठरवता येतात. आत्ता तुमच्या घरी चाललीयत ती बहुतेक ऐकीव आहेत.

दूध-दही बंद करण्याने तुमचा फायदा तर नाहीच, नुकसान होऊ शकतं. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून कॅल्शियम खाऊ नये, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे काही भाज्या-दाण्यांत असणाऱ्या आणि कॅल्शियमशी जुळून खडा करणाऱ्या पदार्थाला, पकडून संडासावाटे बाहेर नेतं. ते कमी पडलं तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं, लघवीत उतरतं आणि खडा करतं. भाकरीबरोबर वाटीभर दही किंवा बिनमिठाचं ताक जरूर घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या किंवा व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, ती गोष्ट निराळी. टोमॅटोवर तर उगाच आळ आलाय. त्यात ऑक्झलेट फारसं नसतं आणि त्याच्या बियांचा खडा होत नाही. ऑक्झलेट जास्त असतं ते पालक, चुका, बीट, बदाम, काजू यांत. शेंगदाण्यातही असतं. आता सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोड म्हणणं माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि खडा ऑक्झलेटचाच आहे हे ठरलेलंही नाही. चमचाभर खा, बचकभर नको.

मीठ मात्र खडा कुठलाही असो, कमी करायला हवं. मीठ जास्त झालं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून छोटा चमचाभर, एवढीच मर्यादा आहे. ठेचा, लोणचं, पापड, शेव, फरसाण यांतच ती ओलांडली जाते. अंगठ्याचं दुखणं खरंच गाउटचं निघालं तर मटण, त्यातही वजडी-कलेजी, आणि बिअर आवरती घ्यावी लागेल. बिअरने खडा पडतो हा सल्ला कारखान्यात कुणी ना कुणी दिलाच असेल. बिअरने लघवी होते, पण युरिक ॲसिडही वाढतं.

आईंशी भांडू नका. त्यांना सांगा, पुडी नको, हुलग्याचं माडगं करून दे. माडगं पोटात गेलं की पाणी जातं, मायेने केलेलं असतं, प्रमाणात घेतलं तर त्रास नाही. तेवढ्यावर खडा विरघळेल अशी आशा मात्र ठेवू नका, आणि गाउट ठरला तर तेही किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. पुडीचं तसं नाही. तिच्यात काय घातलंय हे देणाराही सांगत नाही. अशा पुड्यांत जड धातू किंवा वेदनाशामक मिसळलेली असू शकतात आणि दोन्ही किडनीला घातक आहेत.

आता पाणी. 'मी भरपूर पितो' असं तुम्ही लिहिलंय. भरपूर म्हणजे किती, हे पोटात गेलेल्या पाण्यावरून कळत नाही, बाहेर आलेल्या लघवीवरून कळतं. सुट्टीच्या एका दिवशी जुन्या प्लास्टिकच्या बाटलीवर खुणा करून दिवसभराची लघवी मोजा, आणि मग शक्य झालं तर कामाच्या दिवशीही. खडा झालेल्या माणसाला दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये लूमची धग वेगळी, वर आलेला घाम वेगळा. तेव्हा अडीच लिटर लघवीसाठी चार लिटर किंवा त्याहून जास्त प्यावं लागेल. एकदम तांब्याभर नको, तासातासाला थोडं, आणि झोपण्याआधी एक ग्लास. रात्री एकदा उठावं लागलं तर ती चांगली खूण समजा. पाण्यात लिंबू पिळा, मीठ-साखर न घालता. लिंबातलं सायट्रेट उपयोगी पडतं. पाळीत जागा सोडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. बाटली लूमजवळ ठेवा आणि मुकादमाशी लघवीला जाण्याबद्दल एकदा स्पष्ट बोला. विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायका तर स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यांचे खडे आणि लघवीचे संसर्ग इथूनच सुरू होतात.

बोअरच्या जड पाण्याबद्दलही विचारलंय. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बोअर आणि टँकर टळत नाहीत. पण जड पाण्यानेच खडे होतात, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी स्वच्छ असावं आणि पुरेसं असावं. खड्यासाठी म्हणून कर्ज काढून आरओ बसवू नका, ते पैसे सीटीला लागतील.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. 5 मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. 5 ते 10 मिमीमध्ये जवळपास निम्मे पडतात, आणि नळीच्या खालच्या टोकाशी असतील तर टॅमसुलोसिनसारखी गोळी मदत करते. लघवी तुंबली असेल, संसर्ग असेल, दुखणं आवरत नसेल किंवा थांबूनही खडा हलत नसेल, तर काढायलाच हवा. जागा आणि आकार बघून दुर्बिणीने, बाहेरून लहरी देऊन किंवा 2 सेंटीमीटरहून मोठा असेल तर पाठीतून छोटं छिद्र करून काढतात. डॉक्टरांना विचारा: माझा खडा नेमका कुठे आहे, तो लघवी अडवतोय का, महिनाभर थांबलो तर काय बिघडेल, आणि माझ्या कंबरेचं दुखणं याचंच आहे असं तुम्हाला वाटतं का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. खर्चाची चिंता असेल तर मुतखड्याच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

ऑपरेशन झालं, तर आत स्टेंट ठेवलाय का आणि तो कुठल्या तारखेला काढायचा, हे लिहून घ्या. डीजे स्टेंट ही किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली बारीक नळी असते आणि ती ठराविक मुदतीत काढावीच लागते. तुमच्या पत्रात धाकट्या भावाचा ओझरता उल्लेख आहे, की त्याचंही गेल्या वर्षी ऑपरेशन झालं आणि 'नळी टाकलेली आहे, काढायला जायचं राहिलंय'. वर्ष होत आलं असेल तर त्या नळीवरच खडे चढतात आणि ती काढायला नवं ऑपरेशन लागतं. तुमच्या अपॉइंटमेंटच्या आधी त्याची घ्या. या आठवड्यात.

आणि कधीही कुशीतल्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकेना, तर सकाळची वाट बघू नका. साठी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदाच अशी कळ आली तरी थांबू नका, तिथे खड्याऐवजी दुसरंच काही गंभीर निघू शकतं. तुंबलेल्या किडनीत पू झाला तर काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. तेव्हा खडा काढणं नंतर, आधी नळी टाकून तुंबलेल्या लघवीला वाट करून द्यावी लागते. 108 ला फोन करा किंवा रिक्षा करा, पण त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात पोचा, आणि तिन्ही रिपोर्टांची फाइल बरोबर घ्या.